वाहन बदलून मिळेल

अद्भुत साहसकथेतल्या नायकाला आधी शत्रू मिळतो, मग तलवार मिळते आणि ही दोन्ही एकट्याला झेपेनाशी झाली की एक जनावर मिळतं. हे जनावर साधं नसतं. सकाळी ते कोल्हा असतं, दुपारी कडा चढायचा आला की बोकड होतं, रात्री पहाऱ्याला बसायचं तर घुबड. नायकाला पोहता येत नसेल तर ते मगर होऊन त्याला पैलतीरी पोचवतं. नायकाला पोहता येत नाही हे मात्र ऐन नदीच्या मध्यावर उघड होतं. ते पगार मागत नाही, रजा मागत नाही आणि नायिकेशी त्याचं नायकापेक्षा बरं जमतं. शेवटच्या भागात ते मरतं, घरोघर मुलं रडतात आणि पुढच्या सीझनमध्ये ते मेलेलंच नव्हतं असं निघतं.

माझा भाचा सध्या अशाच एका मालिकेत राहतो. जेवायखायला तेवढा तासगावात असतो. त्याला बळंच बाहेर काढून गणपतीच्या देवळाकडे आणलं, तर गोपुराकडे पाठ करून तो मला म्हणाला, "मामा, आपल्यात असलं जनावरच न्हाई. आपलं देव सगळं एकटंच करत्यात."

सात मजली गोपुराखाली, उजव्या सोंडेच्या गणपतीच्या दारात उभं राहून हे बोलायला धाडस लागतं. ज्या देवाची सगळी कारकीर्द वाहनावर चालली, त्याच्यावर 'एकटाच करतो' हा आरोप म्हणजे हद्द झाली.

गणेशपुराणाच्या क्रीडाखंडात चार युगांचे चार अवतार आहेत. भाच्याच्या भाषेत चार सीझन. कृतयुगात महोत्कट विनायक: हात दहा, वाहन सिंह, कामगिरी देवांतक आणि नरांतक यांचा बंदोबस्त. त्रेतायुगात मयूरेश्वर: हात सहा, वाहन मोर, शत्रू सिंधू. द्वापरात गजानन: हात चार, वाहन उंदीर, शत्रू सिंदूर. कलियुगात धूम्रकेतू: हात दोन, वाहन घोडा. हा चौथा सीझन अजून यायचाय. युगागणिक होत गेलेली हातांची कपात पाहिली की पुराणकारांना पुढच्या मंदीची कुणकुण आधीच लागली होती असं वाटतं. दोन हातांवर देव आला, म्हणजे त्याच्यात आणि आपल्यात आता फक्त घोड्याचा फरक उरला.

मुद्गल पुराणानं तर आठ भागांची मालिका काढली. तिथे खलनायक म्हणजे आपलेच दुर्गुण, पुढे 'असुर' जोडून मोठे केलेले. आणि कुठल्या दुर्गुणावर कुठलं वाहन काढायचं, याची वाटणी पाहण्यासारखी आहे. मत्सरासुरावर वक्रतुंड सिंहावर बसून गेला. बरोबरच आहे. शेजाऱ्याच्या द्राक्षाला आपल्यापेक्षा दोन रुपये जास्त दर मिळाल्यावर माणसाच्या पोटात जे उठतं, त्याला सिंहच पाहिजे. कामासुरावर विकट मोरावरून गेला. इथे जास्त बोलायला नको. ममासुर, म्हणजे 'माझं, माझं' करणारा, त्याच्यासाठी विघ्नराजानं थेट शेषनाग काढला. ज्यानं ज्यानं म्हणून बांधावरून भाऊबंदांशी कोर्टात चपला झिजवल्यात, तो सांगेल की हजार फण्यांचा शेष असला तरी या कामाला थोडा कमीच पडेल. उरलेले मद, मोह, लोभ, क्रोध आणि अहंकार हे पाचही असुर एकट्या उंदराच्या वाट्याला आले. कुठल्याही कचेरीत असंच असतं. झळकायच्या कामाला सिंह आणि मोर, बाकी सगळ्या फायली एका बारक्या माणसाच्या टेबलावर.

माझा असा दाट संशय आहे की ही सगळी वाहनं म्हणजे एकच इमानी जनावर आहे, कामाप्रमाणे रूप बदलणारं. ओळखीच्या एका कीर्तनकारांना मी हे सांगितलं तर त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या. मोर हा विनतेचा मुलगा, अंड्यातून निघालेला. उंदीर मूळचा गंधर्व. दोघांची जन्मकुळी वेगळी, असं त्यांनी मला सुनावलं. शास्त्रार्थानं ते बरोबर आहेत. पण मला सांगा, दर सीझनला नवं जनावर आणि त्याची पुन्हा नव्यानं ओळख, हे कुठल्या निर्मात्याला परवडतं?

त्या मोराचं मात्र कौतुक केलं पाहिजे. वाहन व्हायला तो तयार झाला, पण अट घालून: देवाच्या नावात आधी माझं नाव लागलं पाहिजे. म्हणून तो मयूरेश्वर. अष्टविनायकांतलं पहिलं ठाणं मोरगाव, म्हणजे गावाची पाटीही मोराचीच. जगातल्या तमाम साहसकथांत नायकाच्या आधी स्वतःचं नाव छापून घेणारा दुसरा पाठीराखा मला ठाऊक नाही. हा मोर आजच्या काळात असता तर सौद्याला बसवायच्या लायकीचा होता.

उंदराला हे जमलं नाही, कारण तो नोकरीला लागला तेव्हा त्याच्यावर खटला चालू होता. मूळचा हा क्रौंच नावाचा गंधर्व. इंद्राच्या सभेत घाईघाईनं जाता-येता त्याचा पाय वामदेव ऋषींना लागला. ऋषींना पाय लागणं आणि ऋषींनी शाप देणं यांच्यामध्ये पुराणात कधी फार वेळ जात नाही. "उंदीर होशील." झाला. पण बारका नाही, अवाढव्य. पडला तो पराशर ऋषींच्या आश्रमात. तिथे त्यानं धान्य संपवलं, भांडी उलथली, वल्कलं कुरतडली, पोथ्या खाल्ल्या, बाग उकरली. आश्रमाला दुसरं काम राहिलं नाही. त्याच आश्रमात लहानगा गजानन वाढत होता. त्यानं पाश टाकला, तो पाताळापर्यंत गेला आणि उंदराला गळ्याला आवळून वर घेऊन आला.

यापुढचा प्रसंग माझ्या फार आवडीचा आहे. गळ्यात पाश, डोळे बाहेर आलेले, अशा त्या उंदराला गजानन म्हणाला, काय वर हवा तो माग. उंदीर म्हणाला, मला काही नको. तुलाच काही हवं असेल तर माझ्याकडे माग. असली मिजास मी फक्त लग्नाच्या बोलण्यांत, वरपक्षाकडे पाहिली आहे. गजानन म्हणाला, ठीक आहे, माझं वाहन हो. आणि बसला. बसल्याबरोबर उंदराची मिजास खालून बाहेर पडली. चेंगरून निघालेला उंदीर कसाबसा म्हणाला, देवा, जरा हलका हो. आणि देव हलका झाला.

साहसकथा लिहिणाऱ्या कुणालाही हे सुचलेलं मला दिसलं नाही. रूप नेहमी पाठीराख्यानं बदलायचं, हा त्यांच्याकडे नियम. नायक आहे तसाच, तितकाच, पुष्कळदा तितकाच मठ्ठ. आमच्याकडे उंदीर उंदीरच राहिला आणि वजन कमी केलं ते साहेबांनी. जिम नाही, डाएट नाही, मोदकही बंद नाहीत.

हॅरी पॉटरच्या गोष्टीतही एक उंदीर आहे. रॉनच्या खिशात झोपणारा स्कॅबर्स. विझली कुटुंबानं त्याला १२ वर्षं पोसला आणि १९९९ साली आलेल्या तिसऱ्या पुस्तकात तो निघाला पीटर पेटिग्र्यू, रूप बदलून बसलेला दगाबाज. भाच्यानं हे मला मोठ्या अभिमानानं ऐकवलं. मी म्हटलं, बघ, तिकडे उंदराचा माणूस झाला आणि घरभेदी निघाला. इकडे गंधर्वाचा उंदीर झाला आणि आजतागायत एकदाही फितूर झाला नाही, लाडू समोर असतानासुद्धा. फिलिप पुलमनच्या गोष्टींत प्रत्येक माणसाचा जीव एका प्राण्याच्या रूपानं त्याच्याबरोबर हिंडतो. लहान मुलांचे प्राणी दिवसातून दहादा रूप बदलतात. मूल मोठं झालं की प्राण्याचं रूप कायमचं ठरून जातं. नोकरचाकरांचे प्राणी बहुतेक कुत्रे असतात, असंही पुलमन सांगतो. साहेबांचं राज्य गेलं तरी हिशोब तोच.

कुत्र्यावरून आठवलं. रूप बदलणाऱ्या इमानी जनावरांतला बादशहा कोण असेल तर तो महाप्रस्थानिक पर्वातला कुत्रा. पाच पांडव, द्रौपदी आणि सातवा तो. वाटेत द्रौपदी पडली, सहदेव पडला, नकुल, अर्जुन, भीम पडले. कुत्रा चालतोय. स्वर्गाच्या दाराशी इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्यांना प्रवेश नाही. युधिष्ठिर म्हणाला, मग मलाही नको. तेव्हा कुत्र्यानं रूप टाकलं आणि तो साक्षात धर्म निघाला. संपूर्ण पर्वात एक वाक्य नाही, एक भुंकणं नाही, पाठ थोपटून घेणं नाही. आणि शेवटी कळतं की सगळा वेळ परीक्षक हाच होता. दूरदर्शनवर १९८८ ते १९९० या काळात दर रविवारी ज्या महाभारतासाठी तासगावातले रस्ते ओस पडायचे, ते भीष्मांच्या अंतापाशीच संपलं. कुत्र्याचा भाग आलाच नाही. सगळ्यात मोठी भूमिका आणि पडद्यावर शून्य मिनिटं. पाठीराख्यांच्या नशिबी हेच.

आमच्या सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात अशा जनावरांना तोटा नाही. कृष्णाकाठी औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला गेलं की तसबिरीतल्या दत्तापाशी चार कुत्रे दिसतात. ते चार वेद. देवळाबाहेर सावलीला जे चार-पाच पसरलेले असतात, त्यांना हाड म्हणताना माणूस त्यामुळेच थोडा कचरतो. न जाणो, ऋग्वेद असायचा. खंडोबाकडे गोष्ट उलटी. तिथे जनावराचा माणूस होत नाही, माणसाचं जनावर होतं. कराड तालुक्यातल्या पालला खंडोबाचं लग्न लागतं तेव्हा भंडाऱ्यानं पिवळे झालेले वाघ्ये भेटतात. हे वाघ्ये स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवून घेत आणि पूर्वी भिक्षेच्या कोटंब्याशी खरोखर भुंकतही. नाव वाघाचं आणि काम कुत्र्याचं. एका माणसात दोन जनावरं बसवायला ग्राफिक्सचा खर्च शून्य.

खर्चावरून विष्णुदास भाव्यांचंही नाव घ्यायला हवं. १८४३ साली सांगलीत त्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं. त्यांच्या खेळांत आरंभी गणपती यायचा आणि मागोमाग मोरावरची सरस्वती नाचत यायची. सरस्वती म्हणजे अर्थातच एक पुरुष. एकाच नटाला देवीही व्हायचं, मोरही नाचवायचा आणि ताल चुकवायचा नाही. समोर राजेसाहेब बसलेले. अशा परिस्थितीत रूप बदलून दाखवा म्हणावं त्या मालिकेतल्या कोल्ह्याला.

पण तासगावचा खरा चमत्कार भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला होतो. इथला गणपती दीड दिवसाचा. परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७७९ मध्ये देवळाचं काम काढलं, ते १७९९ मध्ये पुरं झालं आणि त्याच वर्षी भाऊ पट्टणकुडीच्या लढाईत पडले. टिपूवरच्या स्वाऱ्यांत भाऊंनी दक्षिणेत गोपुरं पाहिली आणि तसलंच एक आपल्या गावात आणलं, असं सांगतात. लढाईवर गेलेला माणूस येताना लूट आणतो. यांनी आर्किटेक्चर आणलं. रथोत्सव त्यांच्याच काळापासूनचा. तीन मजली लाकडी रथ. त्याला ना घोडा, ना बैल, ना इंजिन. दोर लावायचे आणि हजारो माणसांनी ओढत काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा.

त्या दिवशी मी उंदीर शोधत असतो. रथावर देव, पुढे वाद्यं, वर गुलाल, मधून पेढ्यांचा मारा. रथापुढे गौरी नावाच्या हत्तिणीनं कित्येक वर्षं मिरवणूक नेली आहे. म्हणजे पोराची मिरवणूक आणि पुढे आईच्या नावाची हत्तीण, हा योग बहुतेक कुणी मुद्दाम जुळवला नसावा. या सगळ्यात उंदीर कुठे? मग दोराकडे लक्ष जातं. एकमेकांच्या पायावर पाय देत, गुलालानं ओळखू न येणारे लोक. त्यात बेदाण्याचा व्यापारी असतो आणि त्याच्याकडे ज्याचे पैसे अडकलेत तो शेतकरीही असतो, दोघे एकाच दोराला. त्यात मास्तर असतात, त्यांनी नापास केलेली पोरं असतात, निवडणुकीत एकमेकांची डिपॉझिटं घालवलेली माणसं असतात. या दिवशी उंदराला सुट्टी. वर्षातून एकदा वाहन हे असं रूप घेतं, मोरया म्हणतं आणि ओढतं. आणि गजानन आपलं वजन इथे मुळीच कमी करत नाही, हे दोराला हात लावलेला कुणीही आपले तळवे दाखवून सांगेल. भाच्यानं गेल्या खेपेला दोराला हात लावला होता. रात्री मालिका बघायला बसला तो पहिल्या दहा मिनिटांत झोपला.

दीड दिवसाचा हा पाहुणचार घरातल्या उंदरापर्यंतही पोचतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पिंजरा माळ्यावर जातो. आईची ताकीद असते, त्याला आता उंदीर म्हणायचं नाही, मामा म्हणायचं. भाच्याच्या दृष्टीनं मग घरात दोन मामा होतात, त्यातला कामाचा कुठला हे तो बोलून दाखवत नाही. ही शस्त्रसंधी मामांना नेमकी ठाऊक असते. बाकी वर्षभर भिंतीकडेनं पळणारे ते गृहस्थ या दीड दिवसात स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहून मिशा पुसतात. विसर्जन झालं की पिंजरा खाली.

आणि देवळातल्या उंदराला तर वर्षभर फुरसत नाही. देवाला गाऱ्हाणं थेट सांगायचं नसतं, उंदराच्या कानात सांगायचं. त्याचा दुसरा कान हातानं झाकायचा, म्हणजे गाऱ्हाणं त्या बाजूनं निघून जात नाही. ज्यानं कुणी ही रीत घातली त्यानं कचेऱ्यांत बरेच अर्ज केलेले असणार. आमच्या गल्लीतल्या बारक्या गणपतीपुढे असाच एक दगडी उंदीर आहे. बोटं लागून लागून त्याचे कान गुळगुळीत झालेत.

त्याच्याकडे जे येतं ते ऐकलं तर कुठलाही कोल्हा राजीनामा देईल. तासगाव म्हणजे द्राक्षांचं गाव. थॉम्पसन सीडलेस ही परदेशी जात इथे आली आणि बोरगावच्या बागेत रूप बदलून लांबट मण्यांची झाली, तिचं नावच तास-ए-गणेश. रूपं बदलायची सवय आमच्याकडे वेलींनाही आहे. चार किलो द्राक्षं वाळली की एक किलो बेदाणा होतो, आणि त्या चाराचं एक होईतो शेतकऱ्याचंही साधारण तेच होतं. तर ऑक्टोबर छाटणी उरकलेला बागाईतदार उंदराच्या कानात सांगतो, फुलोरा उतरेपर्यंत पाऊस नको, थेंब नको. त्याच्या मागे तालुक्याच्या पूर्व भागातला एकजण उभा असतो; त्याची विहीर कोरडी, त्याला परतीचा धो धो पाहिजे. तिसऱ्याची शेड आहे, बेदाणा रॅकवर टाकलाय, त्याला मार्चपर्यंत ढगाचं तोंडही बघायचं नाही. चौथा म्हणतो बेदाण्याचा दर चढू दे. पाचव्याला माल घ्यायचाय, त्याला तो पडायला हवा. दोन भाऊ वेगवेगळ्या वेळी येऊन एकाच बांधाविषयी सांगून जातात. एक मुलगी येते ती परीक्षा पुढे ढकल म्हणते, तिची मैत्रीण म्हणते एकदाची होऊन जाऊ दे.

मागच्या संकष्टीला एक वयस्कर गृहस्थ उंदराच्या कानाला लागले ते हलेनात. आधी पाऊस झाला, मग दर झाला, मग जावई सुरू झाला. रांग देवळाबाहेर रस्त्यापर्यंत गेली. शेवटी मागून एक बाई म्हणाल्या, "ओ आण्णा, आवरा की आता. त्याला ते वर जाऊन सांगायचं पण असतंय."